ॲडमिरलचं शीड

त्याचं दुकान चष्म्याचं, पण किनाऱ्यावर सगळे त्याला ॲडमिरल म्हणायचे. आरमार म्हणजे काय, तर एक छोटी कॅटमरान: दोन अरुंद होड्या, मध्ये ताणलेली जाळी आणि वर कधीकाळी पांढरं असलेलं शीड. रविवार उजाडला की स्वारी निघाली. मागोमाग बायको, हातात पिशव्या, डोक्यावर टोपी, तोंडाला कुलूप. "हिला समुद्राचं भारी वेड," असं तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. तिला कुणी विचारलं नव्हतं.

शिडाच्या काठात एक दोरी शिवलेली असते. ती डोलकाठीच्या खाचेतून सरकत वर जाते. ॲडमिरल शीड चढवायचा दोर ओढणार, बायको खाली वाकून काठ खाचेत भरवणार. म्हातारं शीड दर वेळी मध्येच अडकणार, आणि चूक अर्थातच बायकोची.

मग ॲडमिरलचा एक खांदा गेला. ओढाताण बंद, डॉक्टरांनी बजावलं. शीड एका हाताने चढलं नाही, तर होडी विकावी लागणार होती. दुकानात कुणाचं न ऐकणारा माणूस त्या विचाराने रडवेला झाला.

"मग ते शीडच सोपं करा ना," बायको म्हणाली. तिचा उत्साह पाहून त्याला भरून आलं. बघा, केवढं वेड!

पहिला पराक्रम साहेबांचा. खाचेत मशीनचं ग्रीस चोपडलं. त्यात वाळू बसली आणि शीड धड वर जाईना, धड खाली येईना. किनाऱ्याची फुकट करमणूक झाली. बायकोने साबणाच्या पाण्याने खाच घासली, विरलेला काठ नव्याने शिवला, त्यावर मेणबत्ती फिरवली. ॲडमिरलने खाचेच्या तोंडाशी नरसाळ्यासारखी पत्र्याची वाट बसवली, म्हणजे काठ आपला आपण आत शिरेल.

"म्हणजे आता खाली माणूस लागणार नाही?" तिने दोनदा विचारलं.

"अजिबात नाही!" तो छाती फुगवून म्हणाला.

रविवारी होडीचं नाक वाऱ्याकडे केलं, बाकीच्या दोऱ्या सैल सोडल्या आणि धडधाकट हाताने दोर ओढला. शीड सरसर शेंड्याला! लोकांनी टाळ्या पिटल्या. ॲडमिरल ऐटीत वळला, तर बायको वाळूत चटई पसरून चहा ओतत होती.

"अगं, चल ना!"

"आता कशाला? चढलं की."

"पण तुला समुद्राचं वेड..."

"कुणी सांगितलं? मला होडी लागते. इतकी वर्षं उलटी गिळत बसायचे मी."

ॲडमिरलचा चेहरा खर्रकन उतरला. "बोलली का नाहीस?"

"शीड कुणी भरवलं असतं?"

तो हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारी तरी येशील?"

"विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

"मग नाही," ती म्हणाली आणि खुदकन हसली. अशी हसलेली त्याने तिला होडीवर कधीच पाहिली नव्हती.

तो एकटाच निघाला. शीड भरलं, होडी पळू लागली. वळण घेताना शिडाची दोरी सैल सोडायचं काम बायकोचं. सवयीने तो ओरडला, "दोरी सोड!" मग इकडेतिकडे पाहिलं, आणि सरकत जाऊन स्वतःच सोडली.