नाव कमी केल्याचा दाखला

अहमदपूरच्या स्टँडवर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पेटी एसटीत चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "पाऊसपाणी झालं की परत या. नाव हितंच हाय तुमचं." विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिकडं बघावं तिकडं कचेऱ्या, क्वार्टर, दुकानांची बांधकामं. मी गवंडी माणूस. बायको सुमनला घेऊन निघालो. गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटलं आम्ही मजेत गेलो. कसली मजा! गाडी सुटली तसा मी रडलो, हे आज सांगतो.

शहराच्या कडेला एका प्लॉटवर पत्र्याची खोली टाकली. गल्लीत सगळे असेच आलेले, कुणी लोह्याचं, कुणी उदगीरकडचं. पलीकडच्या गल्लीत नगरपालिकेचा टँकर यायचा, आमच्याकडं फिरकायचासुद्धा नाही. सुमन तिकडं घागर घेऊन जायची आणि बोलणी खाऊन यायची. लई शिव्या दिल्या मी नगरपालिकेला.

शेवटी शेजारच्या गंगाबाई चार बायका घेऊन कचेरीत गेल्या. लोह्याची बाई, कुणाला भिणारी नव्हे. परत आल्या त्या कपाळाला हात लावून. चूक आमचीच होती. घरांची यादी करायला माणूस आला, तेव्हा प्रत्येकानं त्याला ठासून सांगितलं होतं, "आम्ही हितले न्हाई, पाऊस पडला की जाणार." रेशनकार्डं गावाकडचीच. त्यानं तसंच लिहून नेलं. कागदावर आमच्या गल्लीत कुणी राहतच नव्हतं! मग टँकर काय भुतांना पाणी पाजणार?

गंगाबाईंनी शाळेची वही घेतली आणि नावं लिहायला दारोदार फिरल्या. "खरं सांगा, राहणार का जाणार?" राहणार म्हणायचं, तर गावच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा. जो तो "उद्या सांगतो" म्हणून दार लोटून घेई. मीही. पाणी तर हवंच होतं, पण माझं नाव काढा, असं आबांना कोणत्या तोंडानं सांगणार?

आठ दिवस टाळलं. मग सुमन भडकली, "तुम्हाला लाज वाटायलीय, अन् मान माझी मोडायलीय!" गेलो गावाला.

कार्ड आबांच्या नावावर, म्हणून अर्जावर सही त्यांचीच लागणार होती. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "येड्या, नाव काढलं म्हंजी लेक काढला का रे?" असं म्हणून त्यांनी सही ठोकली. "नळ आला की कळीव. तुझ्या आईला धाडून देतो. म्हातारी दोन कोसांवरून पाणी आणायलीय." परतीच्या गाडीत इतकं हलकं वाटलं, की अहमदपूर कधी मागं पडलं कळलं नाही.

एकामागून एक सगळे दाखले आणू लागले, वही भरली. आधी टँकर आला, पुढं गल्लीच्या तोंडाशी नळ. आबा शेतापायी गावीच राहिले, आई आली. पहिले पंधरा दिवस ती पाहुण्यासारखी दबकून बोलायची. एका सकाळी गल्लीतून तिचा आवाज आला. कुणीतरी नळ चालू ठेवून गेलं होतं आणि आई कमरेवर हात ठेवून दोन घरांशी एकदम भांडत होती.

सुमन तिला आवरायला निघाली. मी म्हणालो, "राहू दे." दारात उभा राहून हसत ऐकत राहिलो. परक्या गावात कुणी इतक्या मोकळ्या गळ्यानं भांडत नसतं.