धूळ ओढणारा पंखा
समईची वात विझताना जळक्या कापसाचा वास येतो आणि मला पांढुर्ण्यातली सरकी काढायची जिनिंग मिल आठवते. मी तिथला मॅनेजर होतो. वीजबचतीच्या कायद्याची तपासणी येणार होती. बिनकामाचे पंखे बंद ठेवा असं सांगूनही कोणी ऐकेना, तेव्हा मी हजेरी कापू लागलो. मग लोक दिसेल तो पंखा बंद करू लागले. तपासणीच्या दिवशी दुपारी मिलचा फिटर म्हणाला, "साहेब, धूळ ओढणारा पंखाही बंद केला लोकायनं. मशीनच्या गरम बेअरिंगवर रुई साचून राहिली." "तपासणीवाले जाऊ द्या, मग पाहू," मी म्हणालो. तासाभरात धूर निघाला. पेटती रुई ओढताना फिटरचे दोन्ही हात भाजले. पंखा कोणाच्या सांगण्यावरून बंद होता, असं चौकशीत विचारलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ठपका त्याच्यावर आला. नोकरी त्याची गेली, माझी राहिली. हे मी आज पहिल्यांदा सांगून राहिलो.