टाळ्या उशिरा पडायच्या

दुपारची तालीम आटोपून मुलं खेळायला पळाली आहेत आणि सोफियाबाई वर्गातल्या बाकावरच जरा कलंडल्या आहेत. डोळे मिटताहेत, कान मात्र अजून जागे आहेत. उद्या गावच्या सभागृहात त्यांची मुलं 'लीयाचा रविवार' करणार आहेत. आफ्रिकान्स भाषेतलं हे नाटक बाईंना तोंडपाठ आहे. पण लहानपणी त्यांनी ते पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. तेव्हा सभागृहात फक्त गोऱ्यांना प्रवेश असे. बाईंसारखी सावळी माणसं घरात हीच भाषा बोलत, तरी बाहेर भिंतीला टेकून उभी राहत. पडदे ओढलेल्या खिडक्यांमधून शब्द तेवढे बाहेर येत.

शेवटी मोलकरीण लीया मालकिणीला सांगे, "उद्यापासून तुमची चूल तुम्हीच पेटवा." मग शांतता. मग टाळ्या. तिथंच नाटक संपतं, असं बाईंनी आजवर मुलांना शिकवलं.

आज सकाळी आयोजकांनी विचारलं, शेवट का गाळता? छापील नाटकात त्या वाक्यानंतर लीया निमूटपणे एप्रन बांधते आणि चुलीपाशी परत जाते. तेवढं दाखवणार असाल तरच उद्या पडदा उघडेल.

फळा पांढरा होत होत सभागृहाची भिंत होतो. बाई तिला कान लावतात आणि आतच असतात, रंगपटात. आरशासमोर मार्लीना फोरी बसली आहे. लीयाचं काम करणारी गोरी नटी, कधीच वारलेली. चेहऱ्याला, हातांना ती तपकिरी रंग फासते आहे.

"बस ना, सोफी."

"सवय नाही, मॅडम. आम्ही बाहेरचे."

"ऐकू यायचं ना नीट?"

"सगळं. फक्त टाळ्या उशिरा पडायच्या. माझा भाऊ म्हणायचा, गोऱ्यांना समजायला वेळ लागतो."

मार्लीना हसते. "तेवढ्यात मी एप्रन बांधायचे. गाठ बसली की टाळ्या."

"म्हणजे टाळ्या गाठीला होत्या?"

"मग कशाला? लोकांना घरी जाऊन जेवायचं असतं. लीया परतली नाही तर त्यांना वाढणार कोण?"

"माझ्या आईनं त्या टाळ्या ऐकल्या होत्या," बाई म्हणतात. "तिला वाटलं, एवढ्या सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी आपल्या मालकिणीला तेच वाक्य तिनं तोंडावर ऐकवलं. संध्याकाळी आमचं सामान रस्त्यावर होतं."

आता आरसा नाही. आईचं स्वयंपाकघर आहे, चूल थंड. मार्लीना पाठमोरी उभी राहून एप्रनचे बंद मागे धरते.

"गाठ मार जरा. उद्या तुझ्या लीयाला शिकवायचीच आहे."

"नाही शिकवणार."

"शेवट लेखकानं लिहिलाय, सोफी."

"लेखक आत बसला होता."

मार्लीना वळून त्यांचं मनगट घट्ट पकडते. "त्या टाळ्या माझ्या होत्या. त्यांना हात लावू नकोस."

"ठेवा तुमच्यापाशी," बाई म्हणतात आणि हात हिसकावून घेतात.

"बाई, झोपलात?" लीयाचं काम करणारी डेनीज बाकाशेजारी उभी आहे. "उद्या एप्रन बांधायचा की नाही?"

"नाही बांधायचा. सभागृहातही जायचं नाही. शाळेच्या अंगणात करू."

डेनीजचा चेहरा पडतो. "तिथले दिवे, बाई? माझी आई नवा फ्रॉक शिवतेय."

"ठाऊक आहे गं."

डेनीज पायानं जमीन उकरत राहते. मग तिची नजर बाईंच्या हाताकडे जाते. "हे काय लागलंय?"

मनगटावर चार बोटं उमटली आहेत, तेलकट, तपकिरी. बाईंच्या सावळ्या कातडीवरही ती लांबून दिसतात. त्या रंगाचं माणूस या गावात कधी जन्मलंच नव्हतं.