कोमल सा

सुराशी इतकं उभं वैर असून सुरांची इतकी चाकरी केलेला माणूस आमच्या मामेसासऱ्यांशिवाय दुसरा झाला नसेल. माझ्या बायकोचे हे मामा परळला भोईवाड्यात, चाळीच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना गाणं कळत नाही असं म्हणणं म्हणजे त्यांची भीड ठेवून बोलणं झालं. राष्ट्रगीत सुरू झालंय हे त्यांना आजूबाजूची माणसं उठून उभी राहिली की समजतं. चाळीच्या गणपतीत आरती सुरू व्हायच्या आत त्यांच्या हातात प्रसादाचं पातेलं दिलं जातं. त्यांचे दोन्ही हात अडकलेले बरे, नाहीतर त्यांच्या टाळ्यांनी झांजवाला चुकतो. आणि अशा माणसाचं लग्न झालं ते गाण्याचा क्लास घेणाऱ्या मामींशी. संध्याकाळभर घरात मुली गात बसायच्या आणि मामा गॅलरीत स्टुलावर बसून पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचायचे. "मामा, त्रास नाही होत?" असं मी एकदा विचारलं होतं. "छे हो! गिरणीचा भोंगा होता तोवर तोही चालवून घेतलाच की," मामा म्हणाले. आतून मामींच्या हसण्याचा आवाज आला.

मामा कोर्टात टायपिस्ट होते. तिथे जन्म काढल्यामुळे एक गोष्ट त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. ते म्हणत, "टायपिस्टानं अर्थ बघायचा नाही, जावईबापू. समोर येईल ते उतरवायचं. अर्थ बघणारे साहेब लोक वेगळे." हे तत्त्व त्यांनी घरीही सोडलं नाही. एकदा शेजारच्या बिऱ्हाडातल्या आजोबांनी घरमालकाविरुद्धचा तक्रारअर्ज त्यांना तोंडी सांगितला. मामांनी तो जसाच्या तसा टाइप केला. त्यात घरमालकाच्या सात पिढ्या होत्या, आजोबांना मध्येच लागलेला ठसका होता आणि "अगं, पाणी आण" हेही होतं. आजोबांनी न वाचता सही केली. घरमालक पुढे कित्येक दिवस आजोबांना "ठसका कसा आहे?" म्हणून विचारत असे.

मामी स्वतः चाली बांधायच्या. मामा निवृत्त झाल्यावर गिरगावातल्या एका गृहस्थाकडून त्यांनी स्वरलिपीचं सॉफ्टवेअर घेतलं आणि या सगळ्या चाली कॉम्प्युटरवर चढवायच्या असं ठरवलं. सारेगमची अक्षरं टाइप करायची, आणि स्वर कोमल असेल तर त्याखाली एक आडवी रेघ द्यायची, इतकंच काम. अडचण एकच होती. रे शुद्ध असो की कोमल, गाणारा म्हणताना "रे"च म्हणतो. फरक कानांना कळायचा, आणि मामांचे कान तर नुसते चष्मा अडकवायला होते. शेवटी मामींनीच तोड काढली. त्या मामांच्या खुर्चीमागे उभं राहून त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि सरगम म्हणायच्या. कोमल स्वर आला की खांदा दाबायचा, की मामांनी रेघ ओढलीच. उभ्या आयुष्यात चारचौघांत एकमेकांशेजारी न बसलेलं हे जोडपं असं दिसायला लागलं तेव्हा चाळीतल्या बायका पाणी भरायच्या निमित्तानं दारावरून दोनदा जाऊ लागल्या. मामा म्हणायचे, "इतकं स्वच्छ डिक्टेशन मला कोर्टात कुणी दिलं नाही."

मामी गेल्या. त्यांच्या मागोमाग जुना कॉम्प्युटरही बंद पडला. फाइली पेनड्राइव्हवर होत्या, म्हणून मामांनी नवा लॅपटॉप आणवला. त्यावर अक्षरं सगळी दिसली, पण खालची रेघ मात्र एकही नाही. मामींचा क्लास आता चालवणारी त्यांची जुनी विद्यार्थिनी दादरहून आली, पडद्यावर बघून गायला लागली आणि मध्येच थांबली. "काका, हे काय झालं? बाईंच्या रडवणाऱ्या चाली सगळ्या हसायला लागल्या!"

गळ्यात आयकार्ड असलेला प्रत्येक माणूस इंजिनियर असतो अशी मामांची समजूत असल्यामुळे मला बोलावणं आलं. मी विम्याच्या कचेरीत बसतो. तरी ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवाल्याला घेऊन गेलो. त्यानं बराच वेळ झटापट केली आणि म्हणाला, "त्या रेघा फक्त त्याच सॉफ्टवेअरला वाचता येणार. ओरिजिनल सीडी आहे का, काका? ती असेल तर काहीतरी जमवतो." मामांनी गॅलरीकडे बोट दाखवलं. कबुतरं येऊ नयेत म्हणून तिथे दोऱ्याला एक सीडी टांगली होती. वर्षानुवर्षांच्या उन्हानं तिची चकाकी सोलून निघाली होती. ज्या वाळत घालायच्या दोरीला ती बांधली होती, तिच्यावर दोन कबुतरं निवांत बसली होती. कॉम्प्युटरवाल्यानं ती डोळ्यांसमोर धरली, तर पलीकडचा टॉवर आरपार दिसला. मला हसू येणार होतं, पण मामांचा चेहरा बघितला आणि फार वाईट वाटलं. "एकदा मशीनमध्ये बसवलं, आता हिचं काय काम, असं वाटलं हो मला," ते म्हणाले.

मग एकेक विद्यार्थिनी येऊन आपल्या आठवणीतून रेघा भरून गेली. राहिली ती फक्त शेवटची चाल. मामींनी ती आजारपणात बांधली होती, मामांना सांगितली होती, पण शिकवली कुणालाच नव्हती. पुण्यतिथीला गिरगावात छोटा कार्यक्रम ठरला होता आणि मुलींना तीच चाल म्हणायची होती. ती ऐकलेला माणूस जगात एकच उरला होता, आणि तो मामा!

एका रविवारी मी गेलो तेव्हा मामा लॅपटॉपसमोर बसले होते. डोळे मिटून ते एकेक अक्षर पुटपुटत होते. मध्येच त्यांचा डावा खांदा किंचित खाली जाई. "इथं," म्हणून ते डोळे उघडत आणि रेघ ओढत. मी दारातच उभा राहिलो. आत जायचा मला धीर झाला नाही.

संध्याकाळी ती विद्यार्थिनी आली आणि गायला लागली. पहिल्या ओळी ऐकून तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. "काका, अगदी बाईच!" मग शेवटच्या ओळीशी ती अडखळली. त्या ओळीत प्रत्येक अक्षराखाली रेघ होती. "काका, अहो, सा कधी कोमल नसतो. पंचमही नसतो. ही ओळ चुकलीय, मी दुरुस्त करते हं."

मामांनी लॅपटॉपवर हात ठेवला. "नको, राहू दे. त्या ओळीला तिनं खांद्यावरचा दाब काढलाच नव्हता."

"दमल्या असतील हो," मी म्हणालो.

"असेल. तेव्हा मी विचारलं नाही. टायपिस्टानं विचारायचं नसतं."

कार्यक्रमात त्या विद्यार्थिनीनं ती ओळ आपल्या अंदाजानं गायली आणि ती गोडच झाली. टाळ्या कधी वाजवायच्या हे मामा नेहमी माझ्याकडे बघून ठरवतात. या वेळी त्यांनी बघितलं नाही. टाळ्या थांबल्या, लोक उठायला लागले, तरी त्यांचा डावा खांदा तसाच खाली झुकलेला होता.