साफ केलेला चेहरा

दादाचा फोन आला तेव्हा मी एका बाईची कोपरं उजळवत होते. माझं कामच ते आहे. पुण्यातल्या एका फॅशन मासिकात गेली अठरा वर्षं मी पानं लावते आणि फोटो साफ करते. ‘साफ करणं’ हा आमच्या ऑफिसातला शब्द. बाईच्या काखेतला काळपटपणा, मानेवरची वळी, डोळ्यांखालचं जागरण, कोपरांवरचा खरखरीतपणा, हे सगळं आम्ही पुसून काढतो आणि मगच ती बाई छापतो. दादा कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. “तुझी वहिनी गेली गं,” म्हणाला, आणि मग तुटक तुटक बाकीचं सांगितलं. बागेत मोसंबीची तोड चालली होती. छातीत कळ आली म्हणून वहिनी झाडाला टेकून बसली, पाणी मागितलं, आणि आमच्या हसनाबादहून गाडी जालन्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्रेचाळीस वर्षांची होती. फोन ठेवल्यावर मी त्या फोटोतल्या बाईचं दुसरं कोपर पूर्ण केलं आणि मगच उठले. का केलं, ते मला आजही सांगता येत नाही.

वहिनीचं नाव कुशावर्ता. एकोणीस वर्षांची असताना आमच्या घरात आली तेव्हा मी बारावीला होते. लहानपणी हापशाचा दांडा तोंडावर बसून तिचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. दुसरी एखादी नवी नवरी हसताना तोंडाला पदर लावते. ही सगळं तोंड उघडून हसायची, आणि तो अर्धा दात सगळ्यांत आधी दिसायचा. रंगाने सावळी. लेकीच्या, वैष्णवीच्या वेळच्या बाळंतपणानंतर गालांवर वांग उठले ते कधी गेलेच नाहीत. आईने हळद सांगितली, शेजारणीने साय सांगितली. वहिनी सासूला म्हणायची, “राहू द्या ना मामी, ते कुठं काय खायला मागून राह्यलेत!”

मी सुट्टीत गावी जाताना आमच्या मासिकाचे अंक घेऊन जायची. दुपारी जेवणं झाली की वहिनी मांडी घालून ते वाचायची नाही, तपासायची. एखाद्या बाजारात बी-बियाणं हातावर घेऊन बघावं तशी. “ताई, तुमच्या ह्या बायांना घाम येत न्हाई का?” तिचा पहिला प्रश्न. मग, “ह्या सगळ्या बायांच्या टाचा कुठं गेल्या?” मी बघितलं तर खरंच, गावाकडच्या पार्श्वभूमीवर काढलेल्या एकाही फोटोत पाऊल नव्हतं. आम्ही ते घोट्याच्या वर कापत होतो, इतक्या सवयीने की माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. एकदा एका पानावर कमरेवर घागर घेतलेली मॉडेल होती. वहिनी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, “घागर रिकामी हाये हिची. भरल्या घागरीला कंबर अशी राहतच न्हाई.” मी ते ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही हसले. त्या पानाची रचना माझीच होती.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या संपादकबाईंच्या डोक्यात आलं की दिवाळी अंकात हातमागाच्या साड्या दाखवायच्या, पण मॉडेल नको, खरी शेतकरी बाई हवी. मीच उत्साहाने म्हणाले, माझी वहिनी आहे. आता वाटतं, जिभेला हाड नसतं ते काही खोटं नाही. वहिनीला मी फोनवर विचारलं तर ती आधी खूप हसली, मग म्हणाली, “मी? काहून चेष्टा करून राह्यल्या, ताई!” पण तिला आवडलं होतं. दादा सांगत होता, आठ दिवस ती रोज केसाला तेल लावून बसत होती. आणि आल्या आल्या आमच्या शूटिंगवाल्या मुलीने पहिल्यांदा काय केलं असेल, तर ते तेल पावडर टाकून काढलं.

साडी सुंदर होती. ब्लाऊज पाठीवर उघडा होता, तो वहिनीने पदर ओढून झाकला, तो त्या मुलीने पुन्हा खाली केला, असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी वहिनी दमली. मग कुंकू पुसलं, आणि मंगळसूत्राची वेळ आली. गळ्याची रेघ मोकळी दिसायला हवी होती. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, नवरा तिकडं बांधावर उभा हाये अन् मी हे काढू?” मी म्हणाले, “दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, वहिनी.” तिने ते काढलं, पण पर्समध्ये ठेवायला दिलं नाही. पूर्ण वेळ उजव्या मुठीत घट्ट धरून उभी राहिली. प्रत्येक फोटोत ती वळलेली मूठ येत होती, ती चांगली दिसत नव्हती. म्हणून पान लावताना मी तो हात मनगटापासून कापला.

चेहऱ्याला मला दोन तास लागले. वांग पुसले. मान जरा लांब केली. रंग उजळला नाही असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, नुसता ‘एकसारखा’ केला. दुसऱ्या बाजूच्या दाताची नक्कल उचलून तो अर्धा दात पुरा केला. ते काम इतकं बेमालूम झालं की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून बघायला आले. मला अभिमान वाटला होता, हे लिहायला लाज वाटते, पण वाटला होता.

अंक घेऊन मी स्वतः गावी गेले. वहिनीने हात धुतले, पदराला पुसले, मग पान उघडलं. पाहत राहिली. “कोणाय ही बाई?” म्हणाली आणि नेहमीसारखी तोंडभर हसली. “माझी एखादी बहीण शहरात दिली असती तर अशी दिसली असती.” तो अंक गल्लीभर फिरला. संध्याकाळी आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो तेव्हा मात्र तिने खाली मान घालूनच विचारलं, “ताई, माझ्या तोंडात एवढं काय वाईट व्हतं?” मी म्हणाले, “अगं वाईट काही नाही, सगळ्यांचंच करतात.” ती “बराबर हाये” म्हणाली आणि मेथीची जुडी सोडवू लागली. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. मी काढायला हवा होता. मला पाच-सहा वर्षं मिळाली होती.

तेराव्याला मी पुन्हा गावी आले, घरात शिरले आणि समोरच ती बाई दिसली. हार घातलेली, मोठ्या फ्रेममध्ये, भिंतीवर. दादाने दिवाळी अंकातलं तेच पान कापून जालन्यातल्या एका स्टुडिओत नेलं होतं. दुसरा फोटो होता कुठं? लग्नाच्या अल्बममधली नवरी एकोणीस वर्षांची, तिचे गाल त्या काळच्या फोटोवाल्याने गुलाबी केलेले. आधारकार्डावरचा फोटो गावातल्या कोणाचाही म्हणून चालला असता. आणि मोबाईलमधले सगळे फोटो फोनने आपणहूनच गुळगुळीत करून ठेवलेले. त्यातल्या त्यात मोठा आणि ठळक हाच. पण त्यात गळा मोकळा, कपाळ मोकळं. “अहेव गेली ती,” दादा मला म्हणाला, “तिचा गळा सुना कसा ठिवू?” म्हणून स्टुडिओवाल्याने तिला कुणा दुसऱ्या बाईच्या फोटोतलं मंगळसूत्र घातलं आणि रुपयाएवढं कुंकू लावलं. पाठीवरचा पदरही त्याने रंगवून वर घेतला होता. मी उतरवलेलं सगळं त्याने पुन्हा चढवलं होतं. फक्त चेहरा त्याने माझा ठेवला होता.

शेजारच्या गयाकाकू काठी टेकत आल्या. वीस वर्षं त्या आणि वहिनी जोडीने कापूस वेचायला जायच्या, एकाच डब्यातलं खायच्या. काकूंनी ओंजळीत शेवंतीची फुलं आणली होती. फ्रेमसमोर उभ्या राहिल्या, इकडे तिकडे बघितलं, आणि मलाच विचारलं, “बाई, कुशीचा फोटो कुठं ठिवला?” मी म्हणाले, “काकू, हाच की.” त्यांनी फ्रेमच्या अगदी जवळ तोंड नेलं. “व्हय का,” म्हणाल्या. “मला दिसत न्हाई आता बराबर.” फुलं वाहिली आणि बाहेर जाऊन बसल्या. त्यांचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी काढलाय. त्या मला सांभाळून घेत होत्या, हे मला कळलं.

आणि वैष्णवी. अकरा वर्षांची आहे. रंग तोच, कपाळ तेच, हसताना तोंड उघडायची तऱ्हा तीच. जिना चढताना मागून पाहिली तरी वहिनीच चालली असं वाटतं. जेवणं उठल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. फोटोकडे बघत म्हणाली, “आत्या, आई केवढी गोरी व्हती ना गं? मी तिच्यावर न्हाई गेले.” मी तिला जवळ घेतलं. ती रडत नव्हती. पोरीने नुसती एक गोष्ट बघून सांगितली होती.

पुण्याला परतल्यावर पहिल्या दिवशी मी मूळ फोटो शोधायला बसले. ऑफिसात फक्त तयार झालेलं पान होतं. मधले थर, ज्यांच्या तळाशी खरी वहिनी असायची, ते जागा वाचवायला आम्हीच दरवर्षी उडवतो. फोटोग्राफर म्हणाला, एवढं जुनं कोण ठेवतं? मग मी ठरवलं, आपण केलं ते आपणच उलटं करू. पुसता येतं तसं काढताही येईल. मान कमी केली, रंग खाली आणला, दात मोडला. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्या बाईचा दात मोडत होते. शेवटी वांग परत रंगवायला घेतले आणि हात थांबला... मोठा डाग कोणत्या गालावर होता? डाव्या? नाकाजवळ होता की कानाकडे? चोवीस वर्षं मी तो चेहरा पाहिला, दोन तास त्यातला डाग अन् डाग मोठा करून पुसला, आणि आता मला तो आठवत नव्हता. डावीकडे काढला तर ती वहिनी वाटेना, उजवीकडे काढला तर तोंड भाजलेली कुणी परकी बाई दिसू लागली. मी दादाला फोन लावला. तो लगेच म्हणाला, “डाव्या गालावर.” मग, “न्हाई, थांब जरा.”  शेवटी म्हणाला, “मी आता तो फोटोच बघून राह्यलो गं रोज. दुसरं काही समोर येतच न्हाई.”

महिन्याच्या कार्यक्रमाला गेले ती रिकाम्या हातानेच. वैष्णवीला खरं सांगायचं, एवढं ठरवून गेले होते. दुपारी आम्ही दोघीच समोरच्या खोलीत होतो. मी म्हणाले, “वैशू, त्या फोटोतला रंग आत्याने केलाय. आई तुझ्यासारखीच होती. अगदी तुझ्यासारखी.” तिने ऐकून घेतलं. मान हलवली. तिला ते फार महत्त्वाचं वाटलं नाही. तिच्या मनात दुसरंच होतं.

“आत्या, आई सपनात येते.”

“हो? काय म्हणते?”

“काही न्हाई म्हणत. फोटोतल्यावानीच येते. अन् तिकडं कुठंतरी बघती. मी हाका मारते, लै हाका मारते, पन माझ्याकडं बघतच न्हाई.”

मी वर पाहिलं. खरंच, फोटोतली नजर आपल्यावर येत नाही, खांद्यावरून पलीकडे कुठेतरी जाते. ती मी केलेली नव्हती. “ताई, कॅमेऱ्याकडे नका बघू,” असं फोटोग्राफर तिला पुन्हा पुन्हा सांगत होता. आम्ही नेहमीच सांगतो. शहरातली मॉडेल पान उलटणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकते. गावाकडच्या बाईने मात्र दूर बघायचं असतं, म्हणजे आपल्याला तिच्याकडे निवांत बघत राहता येतं. त्या पानावर मी ‘स्वप्नांकडे लागलेली नजर’ अशी ओळही घातली होती. आणि आता ती नजर लेकीच्या स्वप्नात येऊन तिला ओलांडून जात होती.

“अगं वेडे,” मी म्हणाले, “त्या दिवशी तू तिथंच होतीस की. मोसंबीखाली मातीत खेळत होतीस. फोटो काढणारा ‘दुसरीकडं बघा’ म्हणून म्हणून थकला, पण ती तुझ्यावरची नजर काढेना. ती तुझ्याकडंच बघतेय.”

“खरं?”

“बिलकुल खरं.”

तिने फोटोकडे पाहिलं. मग उठली, फोटोतली नजर कुठे पोचते ते बोटाने हवेत मापत मापत खोलीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, तिथे पाठ टेकून उभी राहिली आणि हसली. तोंडभर, वहिनीसारखी. मला तिच्याकडे बघवेना.

शूटिंगच्या दिवशी वैष्णवी शाळेत होती. वहिनी बघत होती ती बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरकडे. लाईट यायची वेळ झाली होती, बागेला पाणी द्यायचं होतं, आणि आम्ही तिला दोन तास उभं करून ठेवलं होतं. मला हे पक्कं आठवतं. डाग आठवत नाही, हे आठवतं. म्हणजे मी तो फोटो पुन्हा एकदा साफ केला, या वेळी कॉम्प्युटरशिवाय, आणि हेही काम बेमालूम झालं.

परवा दादाचा फोन आला होता. सांगत होता, वैशूने अभ्यासाचं टेबल ओढून त्या कोपऱ्यात नेलंय, रात्रीचं अंथरूणही तिथंच टाकते. “तिथं बिलकुल उजेड न्हाई गं. खिडकीपाशी बस म्हणलं तर ऐकत न्हाई. तू तरी सांग तिला.” मी त्याला म्हणाले, बसू दे, तिथं एक दिवा लावून दे.