रुईला भादरायचं की नाही

माझ्या नवऱ्याचं नाव जानराव. या वयात नवऱ्याचं नाव घेतलं तर कोण काय करणार आहे? मी मास्तरीण होते, त्यामुळे लिहायला बसले की भाषा जरा इस्त्री केलेली येते. राग आला की घरची बाहेर पडते, तेवढं सांभाळून घ्या.

जानराव विजेच्या खात्यात वायरमन होते. वादळात तार तुटली, रोहित्रातून ठिणग्या उडाल्या की लोक आधी यांना आवाज द्यायचे. सगळं गाव ओरडत असायचं आणि हा माणूस खिशातली तंबाखू तोंडात टाकून शांतपणे खांबावर चढायचा. घरातही तसंच. हो म्हणाले की हो, नाही म्हणाले की नाही. अमरावतीचा हा प्लॉट त्यांनी उभ्या उभ्या पाहिला आणि घेऊन टाकला. मला बघायला आले तेव्हाही चहा संपायच्या आत होकार देऊन मोकळे झाले. तुम्ही त्या दिवशी माझ्यात पाहिलं तरी काय, असं मी अजून विचारते आणि अजून उत्तर मिळालेलं नाही.

असा हा माणूस यंदा उन्हाळाभर घरात येरझारा घालत होता, आणि विचार काय, तर मांजरीला भादरायचं की नाही.

मांजर आमची नव्हे, अपेक्षाची. अपेक्षा आमची एकुलती एक. तिने हे पिल्लू कॉलेजात असताना आणलं. पांढरंशुभ्र, चपट्या नाकाचं, आणि केस एवढे लांब की बसली की गादीतून कापूस बाहेर आल्यासारखी दिसायची. म्हणून नाव रुई. पुढे अपेक्षाने स्वतः पाहिलेल्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं. जानराव 'नाही' म्हणाले. तिने कोर्टात लग्न केलं. मी एकटी गेले आणि पेढ्यांचा डबा घेऊन घरी आले, तो कुणी उघडलासुद्धा नाही. अपेक्षा नवऱ्याबरोबर बंगळूरला गेली, रुई इथेच राहिली.

पण फोन येतो. रोज दिवेलागणीला, व्हिडिओचा. आधी माझ्याशी दोन शब्द, मग 'आई, रुई दाखव.' मी फोन जानरावांच्या हातात देते. ते तो मांजरीसमोर धरतात आणि आपण मागे राहतात. ती मांजरीला विचारते, दिवसभर काय केलंस? हे मांजरीलाच सांगतात, सांग तिले, खिडकीत बसून कबुतरं पाहिली. बापलेकीचं सगळं बोलणं असं मांजरीच्या अंगावरून चालतं. तिच्या नवऱ्याची बदली झाली, यांच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं, हे सगळं दोघांनी एकमेकांना रुईमार्फत कळवलं. एकदा मी मध्ये तोंड घातलं, म्हटलं सरळ बोला ना बाप्पा, तर फोनच कटला. तेव्हापासून मी त्या वेळेला स्वयंपाकघरात जाते.

म्हणजे मांजर गेली की फोन गेला. हे जानरावांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि आम्ही एकमेकांजवळ त्याचा शब्द काढत नव्हतो.

मे महिना लागला आणि अमरावतीत जे ऊन पडतं ते पडलं. स्लॅब संध्याकाळपर्यंत तापलेला, नळाचं पाणी दुपारी हात पोळेल असं, कूलर नुसती दमट वाफ फेकणारा. रुईने खाणं सोडलं. दिवसभर मोरीच्या फरशीवर पोट टेकून पडायची. एका दुपारी पाहते तर तोंड उघडून धापत होती. कुत्रं जीभ काढून धापतं, ते आपण रोज पाहतो. मांजर अशी धापताना मी जन्मात पाहिली नव्हती. जानराव तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले ते उठेचनात.

तिथून हा केसांचा घोर सुरू झाला. सकाळी म्हणायचे, काढूनच टाकू, एवढ्या उन्हात रजई पांघरून बसली बिचारी. दुपारी म्हणायचे, नको, देवानं काही विचार करूनच दिले असतील. संध्याकाळी आठवायचं की बोडकी मांजर फोनवर अपेक्षाला दिसली तर ती काय म्हणेल. पुन्हा सकाळी, केस राहिले आणि जीव गेला तर त्या केसांचं काय करायचं? मला म्हणाले, तू विचारून पाह्य पोरीले. माझं डोकंच सटकलं. "मी कायले विचारू? तुमाले तोंड नाही का?" ते उठले आणि भरलेल्या कूलरमध्ये पुन्हा पाणी सोडून आले. सगळा व्हरांडा भरला, तो मीच पुसला.

शेवटी त्यांनी वलगावला आपल्या धाकट्या भावाला, पुंजारामला, फोन लावला. पुंजारामभाऊजींकडे म्हशी आहेत. उन्हाळा लागला की ते म्हशी भादरतात, अंगाला तेल चोपडतात आणि म्हशी कशा गार बसतात ते बाजारात सांगत फिरतात. त्यांना विचारलं म्हणजे उत्तर ठरलेलंच. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पिशवीत केस कापायचं मशीन घालून हजर झाले. म्हणाले, यात इचार कायचा? जनावर ते जनावर.

टेबलावर जुनी चादर अंथरली. जानरावांनी रुईचे पुढचे पाय धरले. चालू लाईनवर काम केलेले हात, आणि मांजरीचे पंजे धरताना पकड दोनदा सुटली. मशीन घरघरलं, रुई किंचाळली आणि खांद्यामागून पाठीवर एक पट्टा निघाला. केसांचा झुबका खाली पडला. त्याखाली कातडी दिसली, गुलाबी आणि पातळ, बाळंतिणीच्या खोलीतल्या बाळासारखी. जानरावांनी मशीनच्या वायरची पिन भिंतीतून ओढून काढली.

"बस झालं," ते म्हणाले. "म्हशीचं कातडं काळं अन् जाड असते पुंज्या, अन् थे दिवसभर डबक्यात बसते. इचं कातडं पाह्य कसं हाये."

भाऊजींचं म्हणणं, अर्धवट ठेवलं तर आणखी वाईट दिसेल. पण रुई तोवर जानरावांच्या छातीला चिकटली होती, त्यांच्या हातावर रक्ताच्या रेघा उमटल्या होत्या आणि ते तिला सोडायला तयार नव्हते. भाऊजी फुगले. मी दिलेलं ताक अर्धंच प्यायले आणि निघाले. फाटकाशी गाडीवर बसण्याआधी त्यांनी गळ्यातला दुपट्टा सोडला, पाण्यात भिजवला आणि डोक्याला, कानाला, तोंडाला असा गुंडाळला की नुसते डोळे उघडे राहिले. आमच्याकडे उन्हात सगळेच असे निघतात, त्यात नवल काही नाही. पण मी आधीच पेटलेली.

"भाऊजी, एवढ्या गरमीत डोकं कायले बांधता? उघडंच जा ना, हवा लागन."

"ऊन लागन ना वहिनी," ते दुपट्ट्यातून म्हणाले. मग हातातल्या मशीनच्या पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीला किक मारली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ओल्या पंच्यात गुंडाळून रुईला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की केस ठेवा, उन्हाला तेच आड येतात. मात्र रोज विंचरा, म्हणजे आतले मेलेले केस निघून जातील, आणि पोटाखाली ज्या गाठी झाल्यात तेवढ्या हलक्या हाताने कापा. एवढं ऐकून जानरावांचा चेहरा उजळला. मग बाईंनीच पुढे सांगितलं की या चपट्या नाकाच्या जातीला श्वासाचाच त्रास असतो, केस ठेवा की काढा, इथला उन्हाळा तिला जडच जाणार. जपा म्हणाल्या, बाकी हमी कोण देणार? चेहरा पुन्हा पडला.

जपणं म्हणजे काय, ते यांच्याकडून शिकावं. सकाळी विंचरणं, दुपारी ओला हात फिरवणं, पाण्याच्या वाट्या पाच ठिकाणी. मी मेले तरी माझं एवढं कुणी केलं नसतं, असं मी बोललेदेखील. संध्याकाळ झाली की वेगळीच पंचाईत. पाठीवरचा तो पट्टा अपेक्षाला दिसू नये म्हणून फोन नुसता रुईच्या तोंडाजवळ धरायचे. अपेक्षा म्हणायची, रुई, अशी काय बसलीस, जरा उठून दाखव. हे म्हणायचे, सांग, झोपली हाये. आणि रुई टक्क डोळे उघडून फोनकडे बघत असायची.

मग तो शुक्रवार आला. दुपारी लाईन गेली. आख्ख्या वस्तीचे कूलर बंद. पहिल्या तासाला आम्ही पुठ्ठ्याने वारा घातला. नंतर रुई पुन्हा धापायला लागली, पण या वेळी जीभ बाहेर, लाळ गळणारी, आणि उभं केलं तर मागचे पाय लटपटणारे. जानरावांनी जुन्या सोबत्यांना एकामागून एक फोन लावले. खांबावर पोरं चढली आहेत, वेळ लागेल, एवढंच कळत होतं. मी माठातलं पाणी आणत होते, जानराव फडकं भिजवून तिच्या पोटाला आणि पंजांना लावत होते. बाहेर रिक्षात घालून न्यावं तर रस्ता भट्टीसारखा. डॉक्टरीण बाई फोनवर म्हणाल्या, आता हलवू नका, हेच करत राहा.

जानराव मान वर न करता म्हणाले, "मैना, हे मेली तं पोट्टी गेली आपली."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सदरा घामाने चिंब होता. या माणसाला मी तारेला चिकटलेला बैल सोडवताना पाहिलंय, पण असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा रागही येत होता. एवढी माया होती तर त्या 'नाही'चं काय लोणचं घालायचं होतं? पण ती वेळ बोलण्याची नव्हती.

लाईन आली तेव्हा ऊन उतरलं होतं. कूलर घरघरला. बऱ्याच वेळाने रुईने मान उचलली, वाटीत जीभ घातली, चार थेंब प्यायली आणि पुन्हा आडवी झाली. धाप मात्र कमी झाली होती. तेवढ्यात फोन वाजला.

मी दोन शब्दसुद्धा बोलले नाही, तसाच फोन त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो घेतला आणि मांजरीसमोर धरलाच नाही. आपल्याच तोंडासमोर धरला. केस विस्कटलेले, डोळे लाल. पलीकडे अपेक्षा एकदम थांबली.

"अपेक्षा," ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदा तिचं नाव यांच्या तोंडून ऐकलं. "घेऊन जाय इले. तिकडं थंड असते. इथी नाही जगाची थे. मी भादराले गेल्तो, पाठीवर पट्टा काढला अन् तुह्यापासून लपवून ठेवला. आज मराले टेकली होती. उद्या येऊन घेऊन जाय."

मी ओट्याला धरून उभी राहिले. मांजर देऊन टाकायची म्हणजे काय देऊन टाकत होते, ते या माणसाला पुरतं कळत होतं, आणि तरी बोलत होते.

अपेक्षाने आधी डोळे पुसले. मग म्हणाली, "बाबा, नेयाची असती तं लग्नाच्या टायमालेच नसती नेली? इथं मांजर ठेवाले कोनाची ना नाही." तिचा आवाज फाटला. "ते इकडं आनली, तं मी रोज तुमाले फोन कायच्या निमित्तानं करू?"

जानरावांनी फोन आणखी जवळ घेतला.

"कर ना मले. निमित्त कायले पायजे?"

एवढं बोलून त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि मोरीकडे गेले. पलीकडे पोरगी हुंदके देत होती. ती फोन ठेवेल या भीतीने मी घाईघाईने म्हटलं, थांब बाई, ठेवू नको, बाबा तोंड धुवायला गेलेत.