एकाच आवाजाची खाडी

ठाण्याहून निघालो तेव्हा माझ्याजवळ घोंगडी होती, भाकरीचं गाठोडं होतं आणि बायको होती. बायको गाडग्यात होती.

आषाढात ती गेली. पावसाळ्यात आमच्याकडचे मचवे खाडीत उतरत नाहीत, म्हणून अस्थींचं गाडगं परड्यातल्या (घरामागच्या आवारातल्या) आंब्याला टांगून ठेवलं होतं. माहेरच्या धक्क्यावर पाण्यात सोडा, एवढंच ती सांगून गेली. दुसरं काही मागितलं नाही. मागून मी कधी दिलं नाही, हे तिला ठाऊक होतं. तिचं माहेर उंबरखार, डोंबिवलीच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. त्या धक्क्याला पाणी लागतं ते अवसेच्या नाहीतर पुनवेच्या मोठ्या भरतीला, तेही थोडा वेळ. एरवी कमरेएवढा चिखल. आणि आमच्यात रीत अशी की झाडावरून उतरवलेलं गाडगं पुन्हा टांगायचं नाही आणि घरात तर न्यायचंच नाही. अवसेच्या पहाटे मी ते उतरवलं. म्हणजे आज तिला माहेरी पोचवायचं, नाहीतर जिथे असू तिथे टाकून मोकळं व्हायचं.

आधी आगगाडीत बसलो. गाडगं मांडीवर घेतलं. शेजारच्या गृहस्थाने प्रेमाने विचारलं, "लोणचं का हो?"

मी म्हणालो, "बायको."

बाक रिकामा झाला. कोणी शिव शिव म्हणालं, कोणी सोवळ्याची गोष्ट काढली, एकाने तर खिडकीतून उडी मारायची तयारी केली. गाडी हलायच्या आत मीच उतरलो. एवढ्या दांडग्या माणसांना मेलेल्या बाईचं भय वाटलं. ती जिवंत होती तेव्हा ते मला एकट्यालाच वाटायचं.

तसाच बंदरावर गेलो. इनास तांडेल नावाचा किरिस्तांव (ख्रिस्ती) मचवेवाला कल्याणला भात भरायला रिकामा मचवा घेऊन निघाला होता. त्याचे दोघे भाऊ वल्ह्यांवर. गाडगं बघून त्याने टोपी काढली.

"ये बाबा. तुझं माणूस नाळेवर (मचव्याच्या पुढच्या टोकाला) ठेव. तिथे वारा चांगला लागतो."

मचव्यात आणखी एक उतारू होते. पांढरी पगडी, काळी छत्री, पायात बूट आणि बुटाला चिखल लागू नये म्हणून पाय वर धरलेले. हे बंदर-सुधारणा मंडळीचे कारकून. त्यांनी गाडग्याकडे बोट करून तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं. ते घाबरले नाहीत. विचारात पडले.

"म्हणजे मचव्यात उतारू किती धरायचे?" ते म्हणाले.

मला माणूस बरा वाटला.

भरतीचं पाणी आत शिरत होतं, त्यावर मचवा चालला. बंदर मागे पडलं, मिठागरांचे बांध दिसले, बांधावर ढीग करून ठेवलेलं मीठ दिसलं. माझं आयुष्य त्याच बांधांवर गेलं. पायाला भेगा पडल्या, त्यांत मीठ गेलं, आणि मग त्याचंही काही वाटेनासं झालं. पारसिकचा डोंगर अर्धा दिसला. त्याच्यापुढे काहीच दिसेना. धुकं असं उतरलं की नाळेवरचं गाडगंही पुसट झालं. वरती सूर्य होता की नव्हता कोण जाणे. इनासने वल्ही थांबवली आणि कान टवकारले.

घरात बसून वाचणाऱ्यांना हे सांगायला हवं. आमच्या खाडीत धुकं पडलं की डोळ्यांचं काम कान करतात. प्रत्येक गावचा कोणीतरी धक्क्यावर येऊन गावचा म्हणून ठरलेला आवाज करायचा. पारसिकच्या पायथ्याच्या वाडीचा फुटका नगारा. दांडगावच्या किरिस्तांवांच्या देवळातली घंटा (चर्चला ते देऊळच म्हणतात). मधल्या मिठागरावर फळीवर आपटलेली फळी. आणि उंबरखारचा शंख. फुंकणाऱ्याला दमा असल्यामुळे तो मध्येच तुटायचा आणि पुन्हा लागायचा. एका कानाला घंटा आणि दुसऱ्या कानाला तुटका शंख आला की आपण कुठल्या वळणावर आहोत हे पोरगंसुद्धा सांगायचं. घंटा मोठी होत गेली तर आपण दांडगावकडे ढकलले जातोय, शंख मोठा होत गेला तर उंबरखारकडे. काठ दिसायची गरज नाही, आभाळ दिसायची गरज नाही.

आम्ही कान देऊन बसलो. उजवीकडून आलं, ठण्ण, ठण्ण, ठण्ण. डावीकडून आलं, ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मग समोरून तेच, मागून तेच.

"ऐकलंत?" कारकुनांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. "झांगटं! (काशाच्या जाड थाळ्या.) सगळी एका कारखान्याची, सगळी एका वजनाची. प्रत्येक बंदराला एक. इथून कल्याणपर्यंत एकच सूर."

"आणि शंख?" मी विचारलं.

"शंख, नगारे, फळ्या, सगळं बंद. अहो आजोबा, हे सरकारी पाणी आहे का लग्नाची वरात? ही झांगटं नीट वाजतात की नाही हे बघायलाच मी निघालोय."

"नीट वाजताहेत," इनास म्हणाला. "आता आपण कुठे आहोत ते सांगा."

कारकून म्हणाले, "एकाने वाजवलं की ज्याला ज्याला ऐकू येईल त्याने उत्तर द्यायचं, असा नियम आहे. म्हणजे कोण जागा आहे ते मंडळीला कळतं."

"आणि मचव्याला काय कळतं?"

"मचव्यांचा विचार पुढच्या बैठकीत आहे."

झालं. एक वाजलं की दुसरं वाजे, दुसऱ्याचं ऐकून तिसरं. खाडीभर नुसतं ठण्ण. इनास पिढीजात तांडेल, पण त्याचेही कान फिरले. त्याने मचवा उजवीकडे घातला तो थेट जाळ्यांच्या खुंटांत. खुंट मोडला, एक वल्हं अडकलं, कारकुनांची छत्री पाण्यात गेली. छत्री काढण्यात पुष्कळ वेळ गेला. छत्री निघाली, पण आमचं तोंड कुठे आणि पाठ कुठे ते कळेनासं झालं.

भूक लागली म्हणून गाठोडं सोडलं. तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील. कारकुनांनी आपले दडपे पोहे काढले आणि बोंबलाकडे पाठ करून खाल्ले. धुक्यात पाठ केली तरी वास यायचा राहत नाही.

शेवटी एका ठण्णवर सरळ चाल केली, तेव्हा तिवरांच्या झुडपांमागून धक्का पुढे आला. धक्क्यावर एक माणूस झांगट घेऊन उभा होता.

इनास ओरडला, "अरे, गाव कुठलं?"

माणसाने ठण्ण केलं.

"गाव, गाव!"

"वाजवायचा हुकूम आहे," तो म्हणाला. "वाजवताना मचवेवाल्यांशी गप्पा मारायच्या नाहीत."

कारकून खूश झाले. असा माणूस त्यांना प्रथमच भेटला होता. ते मला म्हणाले, "आजोबा, माझ्या अंदाजाने हेच उंबरखार. भरती उभी आहे. उरकून घ्या."

मी उतरलो. पायरीवर बसलो. गाडग्याच्या तोंडाचं फडकं सोडलं आणि हात आत घालणार एवढ्यात धुक्यातून घागर घेऊन एक बाई आली. तिच्या गळ्यात क्रूस होता.

"बाई, हे उंबरखार ना?"

"उंबरखार? जळ्ळं ते! हे दांडगाव."

मी फडकं इतक्या घाईने बांधलं की बोट गाठीत अडकलं. दांडगाव आणि उंबरखार ही एका पाण्याच्या दोन काठांवरची गावं. मासेमारीच्या जागेवरून त्यांचं आजे-पणज्यांपासून वाकडं. माझी बायको आयुष्यात दांडगावचं पाणी प्यायली नाही. तिला मी त्याच पाण्यात कायमची घालायला निघालो होतो, आणि तेही सुधारणेच्या मदतीने.

पुन्हा मचव्यात बसलो. समोरच्या काठाला उंबरखार, एवढं आता कळलं होतं. पण समोर म्हणजे कुठे? खाडी तिथे रुंद होते. दांडगाव सुटलं आणि चार वल्ह्यांत चारी बाजू सारख्या झाल्या. इनासने पाण्यात काठी धरली आणि तोंड वाकडं केलं.

"बाबा, पाणी थांबलंय. आता मागे फिरेल. मग तुझ्या धक्क्याला चिखल."

कारकून हळू आवाजात म्हणाले, "आजोबा, पाणी सगळं एकच. इथेच सोडा. देव काय गाव विचारतो?"

"तुमची बायको कुठे असते?"

"माहेरी. बाळंतपणाला गेली आहे."

"मग परत आणताना कुठल्याही घरातून आणा. बायका सगळ्या सारख्याच."

मी नाळेवर जाऊन गाडग्याजवळ बसलो. झांगटं चालूच होती. माझ्या मनात आलं, चाळीस वर्षं हिला मी जिथे नेईन तिथे ही आली, आणि एकदाच हिने जागा सांगितली तर ती मला सापडत नाही.

तेव्हा तिची हाक आली.

"अरं एऽ! कुठं मेलास रं? पानी चाललं ना मागं!"

तोच आवाज, तोच ताण, तीच चीड. मी गाडग्याकडे बघितलं. आवाज त्यातून येत नव्हता, एवढी खात्री करून घेतली.

"भावजीऽ! इकरं (इकडे) ये ना रं, मेल्या!"

भावजी म्हणाली तेव्हा कळलं. ही चांगुणा, माझी धाकटी मेव्हणी; अवसेला येतो असा निरोप तिला आधीच धाडला होता. दोघी बहिणींचा गळा एकच. मी उभा राहून ओ दिली. पण सगळ्या झांगटांनी एकदम उत्तर दिलं आणि हाक त्यात बुडाली. झांगटं थांबली तोवर तीही थांबली होती.

"बाबा, तिला बोलती ठेव," इनास म्हणाला. "ती गप्प राहिली की आपण आंधळे."

"कशी ठेवू?"

"मेव्हणी तुझी. तुलाच ठाऊक."

मी छाती भरून ओरडलो, "चांगुणा! तुझ्या लग्नातला भात कच्चा होता!"

मग आलं, "कच्चा? वारून वारून (वाढून वाढून) घेतलास तवा दात पडले होते काय तुझे?"

"डावीकडे," इनास म्हणाला. मचवा वळला.

"तुझा नवरा घोरतो ते ठाण्याला ऐकू येतं!"

"घोरतो तर घोरतो! झारावर (झाडावर) बायको टांगून तर नाय ठेवत!"

मी खाली बसलो. वल्ही थांबली. कारकुनांनी माझी बंडी ओढली. "बोला, आजोबा, बोला. आवाज जवळ येतोय." मी उठेना, तेव्हा ते स्वतःच उठले आणि पगडी सांभाळत ओरडले, "बाई! तुमच्या गावचं झांगट वेळेवर वाजत नाही!"

"तू कोन रं, मरतुकड्या? वाजंल कसं? गोनपाटात घालून मी वर बसलेय!"

"हा नियमभंग आहे," कारकून पुटपुटले.

"साहेब, नंतर," इनास म्हणाला. "आणखी काहीतरी बोला. उजव्या हाताला सरकली ती."

मग सगळेच सुटलो. इनासने तिच्या गावच्या बोंबलांना नावं ठेवली. कारकुनांनी धक्क्याच्या पायऱ्यांची निंदा केली. इतका वेळ मुकाट वल्हवणाऱ्या इनासच्या भावांपैकी एकाला वाचा फुटली आणि तो असं काही बोलला की ते इथे लिहिता येत नाही. प्रत्येकाला व्याजासकट परत मिळालं. शिव्या खात खात आम्ही उंबरखारला लागलो.

शेवटच्या पायरीवर पाणी अजून होतं. चांगुणा गुडघाभर पाण्यात उतरून आली. तिने गाडग्याला एका बाजूने हात लावला, मी दुसऱ्या बाजूने. तिला काही म्हणायचं होतं, पण घसा पार बसला होता. नुसती हवा आली. राख पायरीपाशी थोडी फिरली. एक हाड पायरीच्या चिरेत अडकलं ते चांगुणाने बोटाने सोडवलं, डोळ्यातलं कुसळ काढावं तसं. मग पाणी मागे वळलं आणि सगळं घेऊन गेलं. इनासने टोपी काढली होती. कारकुनांनी पगडी काढली नाही, पण बुटांसकट पाण्यात उभे होते.

इनास उलट्या पाण्यावर वल्ही मारत कल्याणकडे गेला. मी मेव्हणीकडे राहिलो. जेवायला भात आणि वालाचं बिरडं होतं. कारकुनांनी गोणपाटातून झांगट सोडवून घेतलं, पुसलं, धक्क्यावर टांगलं आणि एकदा वाजवून बघितलं. चारी बाजूंनी उत्तरं आली. त्यांना बरं वाटलं. मग खालच्या आवाजात चांगुणाला म्हणाले, "बाई, धुकं असेल तेव्हा तुम्ही आपलं... बसत चला त्यावर. मी काही बघितलेलं नाही."

इनास भात भरून आला तेव्हा त्याच्याबरोबर परतलो. लख्ख ऊन होतं. मुंब्र्याच्या डोंगराचा दगड न् दगड दिसत होता, तरी झांगटं वाजत होती, कारण थांबवायचा हुकूम कोणी दिला नव्हता. मी पोत्यांवर बसलो होतो. हातांना काही काम नव्हतं. आधी मांडीवर ठेवले, मग पाठीमागे, मग पुन्हा मांडीवर.

संध्याकाळी घरी पोचलो. दार उघडलं. कुठे होतास इतका वेळ, असं कोणी विचारलं नाही. पाय धू, चिखल आत आणू नकोस, असंही कोणी म्हणालं नाही. मी बराच वेळ उंबऱ्यावरच उभा राहिलो. आत जायचं आहे की बाहेर, ते कळेना.